आसरा आणि घर

आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं. तत्त्वज्ञानाचा मास्तर कुत्र्यांवर काय बोलणार! पण प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. जीव वाचवणं आणि त्याला घर मिळवून देणं, ही एकच गोष्ट आहे का?

सुरुवात मुंबईपासून करू. साल १८३२. भटका कुत्रा मारला की आठ आणे, अशी सरकारी बक्षिसी होती. जूनमध्ये फोर्टात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद झाली, दंगा झाला. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, हे आपण जाणताच. पुढे १८३४ साली जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभी केली. जीव वाचले. पण पांजरपोळ ही कल्पनाच मुळी आजन्म आसऱ्याची. तिथून कुणाच्या घरी जायचं, हा विचार तीत नव्हता.

तो विचार लंडनमध्ये दिसतो. १८६० साली मेरी टील्बी या बाईंनी हॉलोवे भागात चुकलेल्या कुत्र्यांसाठी जागा काढली. वर्तमानपत्रांनी टर उडवली. १८७१ साली ती संस्था बॅटरसीला गेली, आणि आजही आहे. मूळ मालक मिळाला तर त्याला परत, नाहीतर नवा मालक शोधायचा. अमेरिकेत फिलाडेल्फियाला कॅरोलिन अर्ल व्हाइट आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी १८६९ नंतर हेच काम हाती घेतलं.

मात्र नवा मालक शोधायचा म्हणजे काय बघायचं? माणसाला कुत्रा आवडला, एवढंच? म्हणजे पत्रिका एकाच बाजूची! दुसरी बाजू पद्धतशीर तपासायला फार उशीर लागला. एमिली वाइस या अमेरिकन संशोधक बाईंनी एक रीत बसवली. घेणाऱ्यांना प्रश्नावली द्यायची, कुत्र्याचं वागणं पाहायचं, आणि मग दोन्ही जुळवायचं.

आता आमची चूक सांगतो. आमच्या फाटकापाशी एक पिवळी कुत्री रिक्षाखाली सापडली. आम्ही दोघांनी तिची शुश्रूषा केली आणि एका सज्जन नोकरदार जोडप्याला ती दिली. नवव्या दिवशी ती परत आली. दिवसभर रडते, दार ओरबाडते म्हणे. आम्ही त्यांनाच नावं ठेवली. मागाहून उमगलं, ही कुत्री जन्मात कधी एकटी राहिलीच नव्हती. आम्ही घराचं क्षेत्रफळ विचारलं, पण घर किती तास रिकामं असतं ते विचारलं नाही! पुढे ती एका किराणा दुकानदाराकडे गेली. तळमजला, दारात सतत माणसं, सोबतीला एक म्हातारा कुत्रा. तिथे रमली.

बेंथमनं १७८९ मध्ये सांगितलं की प्राण्याला बोलता येतं का हे पाहू नका, त्याला दुःख होतं का ते पाहा. वाचवायला तेवढं पुरतं, बरं का. घर द्यायला पुरत नाही. त्यासाठी हा एक कुत्रा आणि हे एक घर, दोन्ही ओळखावी लागतात. कधी भल्या माणसांनाही 'हा नको, दुसरा बघू' म्हणावं लागतं. आणि कुत्रं परत आलं तर कुणाला दोष देण्याआधी आपण काय विचारलं नव्हतं, ते आठवावं.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ या.