यात्रेतील हातपिशवी आणि चीजवस्तूंची राखण

आषाढी-कार्तिकीस पंढरपूर, दत्तजयंतीस गाणगापूर, श्रावणात ओंकारेश्वर आणि वर्षभर केव्हाही उज्जयिनी, असा इंदूरच्या मराठी मंडळींचा यात्राक्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. २०१६ नंतरचा उज्जयिनीचा सिंहस्थ आता २०२८ मध्ये येत असून त्या वेळी बाहेरगावचे आप्तेष्टही आपल्याकडे मुक्कामास येतील. यात्रेची माहिती विचारण्यास कार्यालयात येणाऱ्या भाविकांकडून, विशेषतः भगिनीवर्गाकडून, गाडीच्या वेळेइतकाच वारंवार येणारा प्रश्न म्हणजे पैसे, दागिने व कागदपत्रे कशी सांभाळावीत. त्या अनुषंगाने पुढील माहिती संकलित करून देत आहोत.

जुनी रीत

आपल्या वाडवडिलांनी हा प्रश्न आपल्यापुरता सोडविलेला होता. पुरुष कमरेला कापडी कसा बांधीत, बंडीला आतून चोरखिसा असे. बायका कनवटीला किंवा पदराच्या गाठीत सुटे पैसे बांधीत आणि मोठी रक्कम पोलक्याच्या आतल्या बटव्यात ठेवीत. या सर्व व्यवस्थेत एक समान सूत्र होते. वस्तू अंगाला लागून असावी आणि ती काढण्यास मालकालाही थोडे कष्ट पडावेत. आजच्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक हातपिशव्या नेमक्या याच्या उलट केलेल्या असतात. त्या अंगापासून दूर लोंबतात आणि चटकन उघडतात.

पिशवी निवडताना

हातात धरावयाची अथवा एकाच खांद्यावर अडकवावयाची पर्स प्रवासास निरुपयोगी आहे. शबनम पिशवी दिसावयास सुरेख, परंतु तिचे तोंड उघडे असते. तीत पंचांग, पाण्याची बाटली व पंचा ठेवावा, पाकीट ठेवू नये. प्रवासाकरिता लांब पट्ट्याची, छातीवरून आडवी घेऊन विरुद्ध कुशीवर येणारी पिशवी घ्यावी. पट्ट्याची लांबी अशी असावी की पिशवी नितंबावर न लोंबता पोटाच्या पुढे, कोपराच्या आत राहील. पट्टा सुमारे तीन-चार सेंटिमीटर रुंद असावा. बारीक दोरी किंवा नाजूक साखळी खांद्याला रुततेही आणि ब्लेडच्या एका फटक्यात तुटतेही. पट्टा पिशवीला जेथे जोडलेला असतो ती जागा दुकानातच ओढून पाहावी. अनेक पिशव्यांत तेथे केवळ हलका आकडा असतो व तो झटक्यासरशी उघडतो. शिवून टाकलेला, दुहेरी टाक्याचा जोड उत्तम. पिशवी मनासारखी असून एवढीच उणीव असेल, तर कोणताही चांगला चर्मकार थोडक्या पैशांत तो जोड पक्का करून देतो.

कापडाविषयी सांगावयाचे तर जाड कॅनव्हास, जीनचे कापड अथवा घट्ट विणीचे नायलॉन चांगले. रेक्झिन वर्षभरात सोलते व सहज कापले जाते. चामडे टिकाऊ असले तरी पावसाळी वारीत भिजून जड होते, शिवाय काही देवस्थानांत चामड्याची वस्तू आत नेऊ देत नाहीत. आतील अस्तर फिक्या रंगाचे पाहावे. काळ्या अस्तराच्या पिशवीत किल्ली शोधताना माणूस मान खाली घालून उभा राहतो, आणि स्टेशनवर असा गुंतलेला माणूस कोणास हवाच असतो.

पिशवीला चेन असावी व चेनवर झाकणाची पट्टी असावी. पिशवी अंगावर घेतल्यावर बंद चेनचा रनर पुढच्या बाजूस, म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर येतो की पाठीकडे जातो, हे आरशात पाहावे. तो पाठीकडे जात असेल तर पिशवी दुसऱ्या खांद्यावरून घ्यावी. दोन रनर असल्यास ते सेफ्टी पिनेने किंवा छोट्या कडीने एकमेकांस अडकवावेत. या दोन रुपयांच्या उपायाने जेवढे काम होते, तेवढे पट्ट्यात पोलादी तार घातलेल्या महागड्या पिशवीने होईलच असे नाही. कार्डातील माहिती दुरून चोरली जाऊ नये म्हणून धातूचे अस्तर लावलेली पाकिटेही हल्ली खपवली जातात. स्पर्शाविना चालणारे कार्ड यंत्रापासून चार-पाच सेंटिमीटरपलीकडे सहसा वाचले जात नाही. त्यासाठी निराळे पाकीट घेणे हा आमच्या मते अनाठायी खर्च होय.

आकार लहानच असावा. मोठ्या पिशवीत माणूस सारे काही भरतो आणि मग ती बाकावर ठेवतो. नजरेआड होते ती तेव्हाच. पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्यावी, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

काय कोठे ठेवावे

सर्व रक्कम एकत्र ठेवू नये. दिवसभराचे चहापाणी, रिक्षा, दक्षिणा यांचे पैसे बाहेरच्या कप्प्यात किंवा खिशात. उरलेले पैसे, एक कार्ड व परतीचे तिकीट कपड्यांच्या आत गळ्यात किंवा कमरेला बांधलेल्या बटव्यात. आणि अडीअडचणीसाठी थोडी रक्कम मोठ्या सामानात कपड्यांच्या घडीत किंवा सोबतच्या व्यक्तीजवळ. आतल्या बटव्याला चारचौघांत हात लावू नये. गर्दीत तो चाचपून पाहणारा माणूस जागा स्वतःच दाखवून देतो. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ अशी पाटी दिसली की दहांपैकी कित्येकांचा हात आपोआप पाकिटाकडे जातो, ही गोष्ट त्या पाटीजवळ उभ्या असलेल्यांनाही ठाऊक असते.

ओळखपत्राची मूळ प्रत नेण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. रेल्वेत डिजिलॉकरमधील आधार व वाहन परवाना २०१८ पासून ग्राह्य धरला जातो. भक्तनिवासात द्यावयाच्या झेरॉक्सवर आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत देता येते का, ते आधी विचारावे. कार्डाचा पिन पाकिटात लिहून ठेवणे हा प्रकार ज्येष्ठ मंडळींत अजून आढळतो; तो कटाक्षाने टाळावा. स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डाने ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी पिनशिवाय होऊ शकते. ही सोय बँकेच्या अॅपमधून बंद करता येते, यात्रेपूर्वी ती बंद करून निघावे. मोबाइलच्या सिमला स्वतंत्र पिन लावण्याची सोय असते, तिचाही उपयोग करावा. चोराने सिम दुसऱ्या फोनात घातले तर बँकेचे ओटीपी त्याच्याच हाती पडतात, आणि मग हरवलेल्या फोनाहून मोठे नुकसान होते.

एक कागद मात्र प्रत्येकाने जवळ बाळगावा. त्यावर घरच्या दोघांचे क्रमांक, बँकेचा कार्ड बंद करण्याचा क्रमांक, मोबाइलचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबल्यास तो दिसतो) आणि चालू औषधांची नावे लिहावीत. फोन गेल्यावर स्वतःच्या मुलाचाही क्रमांक आठवत नाही, अशी आज बहुतेकांची स्थिती आहे. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णांनी औषधे पैशांच्या पिशवीत ठेवू नयेत. पैसे गेले तर कोणीतरी उसने देतो. रात्री अकरा वाजता लहान स्थानकावर इन्सुलिन कोण देणार?

दागिन्यांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. यात्रेत सोन्याचे गंठण घालू नये. गळ्यातील साखळी ओढली जाते तेव्हा मानेला इजा होते, माणूस तोल जाऊन पडतो. धावत्या दुचाकीवरून हिसका बसला तर प्राणावर बेतू शकते. दोऱ्यात ओवलेली काळ्या मण्यांची साधी पोत सौभाग्यचिन्ह म्हणून पुरेशी आहे व देवालाही ती चालते. सासूबाई काय म्हणतील या विचाराने पाच तोळे अंगावर घालून गर्दीत शिरणाऱ्या सुनांसाठी ही सूचना सासूबाईंनीच वाचावी.

हातचलाखी कोठे होते

खिसा कापणारा सहसा एकटा नसतो. एक जण पुढे अडतो किंवा मागून रेटतो, दुसरा हातावर टाकलेल्या शालीचा अथवा वर्तमानपत्राचा आडोसा करतो, तिसरा वस्तू काढतो आणि ती क्षणात चौथ्याकडे जाते. म्हणूनच पकडलेल्या माणसाजवळ पुष्कळदा काहीच सापडत नाही. एसटीच्या दाराशी चढताना होणारी रेटारेटी ही त्यांची आवडती जागा. दोन्ही हात दांडीला लागलेले असतात आणि पिशवी मागे राहते. ‘काकू, पाठीवर काहीतरी घाण पडली आहे’, ‘आजोबा, तुमचे पैसे खाली पडले’ असे कोणी सांगितल्यास प्रथम पिशवीवर हात ठेवावा, मग वळावे.

रेल्वेत गाडी हलू लागते तो क्षण जपावा. खिडकीशी धरलेला मोबाइल फलाटावरून ओढला जातो, आणि चालत्या गाडीतून उतरून पाठलाग करण्याच्या भरात माणसे जिवाला मुकतात. रात्री मोठे सामान खालच्या बाकाखालील कड्यांना साखळीने बांधावे व लहान पिशवी उशाशी, पट्टा हातात गुंतवून ठेवावी. दरवाजाजवळचा बर्थ मिळाल्यास अधिक सावध राहावे.

देवस्थानांतील तीन जागा विशेष ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे दर्शनबारीचा शेवटचा टप्पा. मूर्ती दृष्टीस पडते, हात जोडले जातात, डोळे मिटतात. त्या दोन-तीन क्षणांत भाविकाचे देहभान हरपते आणि ते हरपावे यासाठीच तो आलेला असतो. म्हणून बारीत शिरण्यापूर्वीच पिशवी पोटावर घेऊन चेन अडकवून टाकावी, म्हणजे नमस्काराच्या वेळी तिचा विचार करावा लागत नाही. दुसरी जागा आरतीच्या वेळचा सभामंडप. तिसरी नदीचा घाट. चंद्रभागेत, गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर, रामघाटावर किंवा नर्मदेत सर्व कुटुंब एकदम स्नानास उतरते व कपड्यांचे गाठोडे पायरीवर राहते. निम्म्यांनी आधी स्नान करावे, निम्म्यांनी नंतर. एकट्याने गेलेल्या भाविकाने मौल्यवान वस्तू घाटावर नेऊच नये. आपल्या शहरातील रंगपंचमीची गेर व अनंत चतुर्दशीच्या झांक्या यांनाही हेच लागू आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. संशय येताच कळकट कपड्यांतील कोणालाही धरून मारहाण करण्याची वृत्ती गर्दीत दिसते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले आहे त्यांना या शब्दामागील दुःख ठाऊक आहे. चांगल्या कपड्यांतील, कपाळी गंध लावलेला सहप्रवासीही पाकीट काढू शकतो. कोणास रंगेहाथ पकडलेच तर पोलिसांच्या स्वाधीन करावे, हात उगारू नये.

चोरी झाल्यास

प्रथम बँकेस कळवून कार्ड व यूपीआय बंद करावे आणि सिम बंद करवावे, तक्रार त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या दंडकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. त्यामुळे कळविल्याची वेळ व तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. खात्यातून रक्कम गेलीच असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

धावत्या गाडीत १३९ वर दूरध्वनी करता येतो. तिकीट तपासनीसाकडे तक्रारीचा नमुना मागावा. तो भरून दिल्यास पुढील स्थानकावरील रेल्वे पोलिसांकडे पोहोचतो, प्रवास अर्धवट सोडावा लागत नाही. महाराष्ट्रात या पोलिसांना लोहमार्ग पोलीस म्हणतात, आपल्याकडे जीआरपी. अन्यत्र ११२. ‘चोरी आमच्या हद्दीत झाली नाही’ हे उत्तर मान्य करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. तक्रारीत ‘गहाळ झाले’ असे लिहून घेण्याकडे काही ठिकाणी कल असतो. वस्तू चोरीस गेली असेल तर ‘चोरी’ हाच शब्द नोंदवावयास सांगावे. गहाळ झालेल्या वस्तूचा तपास कोणी करीत नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर प्रवासी वाहनातील वस्तूंच्या चोरीस सात वर्षांपर्यंत. हिसकावून नेणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा ठरला आहे. मोबाइलचा आयएमईआय ‘संचार साथी’ संकेतस्थळावर बंद करता येतो. त्यासाठी पोलीस तक्रारीची प्रत लागते, म्हणून ती मिळाल्याशिवाय ठाण्यातून हलू नये.

रेल्वेकडून भरपाई मिळेल अशी आशा मात्र बाळगू नये. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १०० प्रमाणे प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी, रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्याखेरीज, रेल्वेवर येत नाही. २००५ मध्ये एका व्यापाऱ्याची कमरेच्या पट्ट्यात ठेवलेली एक लाखाची रोकड आरक्षित डब्यातून रात्री चोरीस गेली. जिल्हा, राज्य व राष्ट्रीय अशा तिन्ही ग्राहक मंचांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून, प्रवाशाला स्वतःची वस्तू सांभाळता आली नाही तर ती रेल्वेच्या सेवेतील त्रुटी नव्हे, असे सांगितले. अठरा वर्षांच्या खटपटीनंतर हाती काही आले नाही. एवढी रोकड जवळ बाळगून झोपण्यापेक्षा ती बँकेत भरून निघणे हाच मार्ग होता, कारण कमरेचा कसा जागेपणी सुरक्षित असतो, गाढ झोपेत नव्हे.

सामूहिक यात्रेस जाणाऱ्या मंडळींनी भोजन-निवासाचा सामाईक निधी एकाच व्यक्तीजवळ न ठेवता किमान तिघांत विभागावा व त्याची नोंद वहीत ठेवावी. वर सांगितलेला क्रमांकांचा कागद निघण्यापूर्वी यात्राप्रमुखांकडे एका प्रतीत द्यावा.