तबकडीवर नसलेले नाव

भीमाशंकर, वाईजवळची मेणवली आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर या तिन्ही ठिकाणी पोर्तुगीज घडणीच्या मोठ्या घंटा आहेत. वसईच्या मोहिमेनंतर इथल्या चर्चमधून त्या देशावर गेल्या, असे परंपरा सांगते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि १५३४ पासून चाललेला पोर्तुगीज अंमल संपला. घंटांची ही हकिगत वसईत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. चर्चमधून निघून साऱ्या देशाच्या कानांत शिरलेल्या दुसऱ्या एका वाद्याची हकिगत मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते वाद्य म्हणजे व्हायोलिन. त्याला कोणी लुटून नेले नाही. पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसांच्या काखेतून ते मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत पोहोचले. त्या माणसांपैकी एकाचे नाव देशभर पाठ आहे. असा माणूस खरोखर होऊन गेला, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तो माणूस म्हणजे अँथनी गोन्साल्विस.

हे आडनाव वसईला परके नाही. गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा वंशज. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे ते संत गोन्सालो गार्सिया इथेच जन्मले, १५९७ मध्ये जपानात नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संतपदाला पोहोचले. तेव्हा १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन मोठ्या ईस्टर अंड्यातून बाहेर पडून हे नाव सांगू लागला, तेव्हा वसईकरांना ते शेजारच्या घरातले वाटले असेल तर नवल नाही. बाकीच्या देशाला ते एका विनोदी पात्राचे नाव वाटले. दोघांनाही खरा अँथनी दिसला नाही.

मेस्तची शाळा

अँथनी प्रभू गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ चा, दक्षिण गोव्यातल्या माजोर्डा गावचा. नावातला ‘प्रभू’ धर्मांतरापूर्वीच्या घराण्याची आठवण सांगतो. वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख, म्हणजे गोव्याच्या भाषेत ‘मेस्त’. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या धर्मग्रामांमध्ये चर्चला जोडून शाळा असत. तिथे अक्षरओळखीबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला शिकवत आणि ज्या मुलाला गती दिसेल त्याच्या हाती व्हायोलिन देत. मिस्सा, लग्न, दफन, गावचा सण अशा सर्व प्रसंगी ही मुले वाजवत. संगीत ही त्यांना दुर्मिळ देणगी वाटत नसे. ते सुतारकामासारखे शिकून घ्यायचे काम होते.

वसईतही पोर्तुगीजांची चर्च होती आणि धर्मग्रामे होती. दोन्हीकडचा फरक काळाचा आहे. गोव्यात ती राजवट १५१० पासून १९६१ पर्यंत चालली. वसईत दोनशे पाच वर्षांनी संपली. राज्य गेले तरी वसईचा ख्रिस्ती समाज आणि त्याची श्रद्धा टिकली. त्याचे गाणे मराठीच्या कुशीत राहिले, सामवेदी आणि वाडवळी बोलींतल्या लग्नगीतांत, बायकांच्या कंठात. गोव्यात मात्र कागदावरचे सूर वाचण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने हिंदी चित्रपट बोलू-गाऊ लागला आणि लवकरच मुंबईला नेमकी अशीच माणसे हवी झाली.

अँथनी १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईला आले आणि नौशाद यांच्या वादकांत व्हायोलिन वाजवू लागले. तेव्हा गोव्याहून येणाऱ्यांचा पहिला मुक्काम बहुधा धोबीतलावच्या परिसरातल्या ‘कुडां’त असे. एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली ही वसतिस्थाने. आपल्याकडच्या गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्यांची चटकन आठवण व्हावी, अशी.

सुरावट आणि तिचे अंगडे

चित्रपटगीत कसे तयार होई, हे समजल्याशिवाय या माणसांचे मोल कळत नाही. संगीतकार पेटीवर चाल बांधी. ती चाल म्हणजे गाण्याचा कणा. पण गाणे सुरू होण्यापूर्वीचा तुकडा, दोन कडव्यांमधले संगीत, गायिका एक ओळ गात असताना तिच्या पाठीमागे हलकेच उलट दिशेने जाणारी व्हायोलिनची दुसरी सुरावट, कोणत्या जागी बासरी आणि कोणत्या जागी सगळा ताफा, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहून देणारा माणूस दुसरा असे. त्याला अरेंजर म्हणत. मराठीत संगीत संयोजक. वाद्यवृंद एकाच वेळी, गायकाबरोबर, प्रत्यक्ष वाजवी. एकाचा सूर चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून समोरचा कागद पाहताच वाजवू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांना पर्याय नव्हता.

मराठी माणसांनी बांधलेल्या चालींमागेही हे हात होते. ‘अलबेला’त सी. रामचंद्र यांच्या मागे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते, म्हणजे गोव्याचे आंतोनियो वाझ. शंकर-जयकिशन यांच्या भव्य वाद्यवृंदामागे सेबास्तियन डिसोझा होते. गोन्साल्विस यांचे नाव ‘महल’, ‘प्यासा’, ‘नया दौर’ अशा चित्रपटांशी जोडले जाते. ते वादक म्हणून आले, संयोजक झाले आणि वांद्र्याच्या घरी शिकवूही लागले. ट्रंपेटवादक रामप्रसाद शर्मांचा मुलगा प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकला. राहुल देव बर्मन यांचेही नाव त्यांच्या शिष्यांत घेतात. पुढच्या दोन दशकांच्या चित्रपटसंगीताचा मोठा भाग या दोन नावांभोवती फिरतो, हे लक्षात घेतले की त्या शिकवणीच्या खोलीचे महत्त्व कळते.

मराठी रसिकाला व्हायोलिनची वेगळी वाट अधिक परिचयाची आहे. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांनी हे वाद्य मैफलीत आणले. मांडी घालून बसायचे, वाद्याचे टोक पायावर टेकवायचे, तारा षड्ज-पंचमाला जुळवायच्या आणि गळ्यासारखी मींड काढायची, ही ती वाट. प्रभाकर जोगांचे व्हायोलिन तर शब्दांसकट गाते, असे आपण म्हणतो. या मंडळींची नावे कार्यक्रमपत्रिकेवर छापली गेली आणि रेडिओवर घोषित झाली. स्टुडिओत व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवणाऱ्यांना दिवसाचे पैसे मिळाले, नाव मिळाले नाही.

नाव छापले न जाण्याने असे काय बिघडते? याचे उत्तर समजायला थोडे दूर, आयर्लंडला जावे लागेल. तिथल्या लोकसंगीतात व्हायोलिनला फिडल म्हणतात. वाद्य तेच, चार तारा त्याच. मात्र वाजवणारा चाली कानाने शिकतो आणि बोटांच्या झटक्यांनी नटवतो. मायकेल कोलमन हा असा एक फिडलवादक, १८९१ मध्ये स्लायगो परगण्यातल्या किलाव्हिल या खेड्यात जन्मलेला. १९१४ मध्ये तो अमेरिकेला गेला. न्यूयॉर्कमध्ये १९२१ ते १९३६ या काळात त्याने नृत्याच्या चालींच्या तबकड्या दिल्या. त्या तबकड्या समुद्र ओलांडून मायदेशी परतल्या आणि इतर परगण्यांतले वादक आपली पद्धत बाजूला ठेवून स्लायगोसारखे वाजवू लागले. कोलमन १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्येच वारला. पण तबकडीवर त्याचे नाव होते. शिकणाऱ्याला ठाऊक होते की आपण कोणाकडून शिकतो आहोत, म्हणूनच आज त्याच्या शैलीचा अभ्यास होऊ शकतो.

आपल्याकडे त्या काळी गायिकेचे नावही तबकडीवर येईलच याची खात्री नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधल्या लता मंगेशकरांच्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! पुढे गायकांनी आपला हक्क मिळवला. पाठीमागच्या व्हायोलिनवादकांचा लढा कोणी लढला नाही. परिणाम असा की गोन्साल्विस आणि त्यांच्या सोबत्यांनी कोट्यवधी लोकांचा कान घडवला, पण कोणत्या गाण्यातला कोणता तुकडा कोणी लिहिला याचा हिशेब आठवणींवर सोपवला गेला. आठवणी माणसांबरोबर जातात.

सारंग आणि तोडी

गोन्साल्विस यांना स्टुडिओतल्या कामावर समाधान मानायचे नव्हते. रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ तीन मिनिटांच्या गाण्याबाहेर, स्वतंत्र रचनांत घालावा, हा त्यांचा ध्यास होता. हिंदुस्थानी संगीताचा अभ्यास त्यांनी त्यासाठीच केला. ‘सोनाटिना इंडियाना’, सारंग रागातला कन्चेर्टो, तोडी थाटातला व्हायोलिन आणि वाद्यवृंदाचा कन्चेर्टो ही त्यांच्या रचनांची नावेच पुरेशी बोलकी आहेत.

काम किती अवघड होते, हे त्या दोन रागांवरूनच दिसते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा पाया म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा अधिक स्वर. त्यांतला सर्वांत साधा मेळ सा-ग-प. आता वृंदावनी सारंग घ्या: त्यात गंधारच नाही. हा साधा मेळ वाजवला की राग मोडलाच. तोडीत कोमल गंधार आहे आणि पंचमही आहे, पण पंचमाला तिथे जपून स्पर्श करायचा असतो. वाद्यवृंद मात्र मेळ धरून ठेवणारा. तो पंचम सतत घुमवील आणि तोडीची आर्तता निघून जाईल. रागात एकच स्वरधारा वळणे घेत जाते. वाद्यवृंदात अनेक धारा एकमेकींना छेदत जातात. दोन्ही सांभाळायचे तर प्रत्येक मेळ रागाच्या परवानगीने नव्याने रचावा लागतो. चित्रपटात थोडी सवलत घेता येते. ‘तोडी’ असे नाव देऊन रचना मांडली की ती सवलत संपते.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभराहून अधिक वादक बसले. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. एरवी जे वादक काचेआड, नावाशिवाय वाजवीत, ते त्या संध्याकाळी श्रोत्यांच्या समोर, दिव्याच्या उजेडात होते. माझ्या मते त्या कार्यक्रमाचे खरे महत्त्व इथे आहे. पाठीमागे बसणाऱ्या माणसांचे संगीत पुढे ऐकायला लोक येतील, असे कोणीतरी मानले आणि करून दाखवले.

पण असा वाद्यवृंद कायम पोसायला राजाश्रय लागतो, नाहीतर शहराची सवय लागते. दोन्ही नव्हते. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ते पाश्चात्त्य वाटे, पाश्चात्त्य संगीताच्या श्रोत्याला फिल्मी, आणि चित्रपटसृष्टीला तर पुढच्या गाण्याची घाई. १९६५ मध्ये गोन्साल्विस अमेरिकेतल्या सिराक्यूज विद्यापीठाच्या प्रवासवृत्तीवर गेले. परत आल्यावर ते स्टुडिओत रमले नाहीत; माजोर्ड्याला आपल्या घरी राहू लागले.

शिष्याने ठेवलेली खूण

बारा वर्षांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतात ते गाणे आले. प्यारेलाल यांनी नंतर सांगितले की ते नाव म्हणजे आपल्या गुरूला केलेले वंदन होते. ज्या उद्योगाने वादकाचे नाव कधी छापले नाही, त्याच उद्योगात एका शिष्याने गुरूचे नाव थेट गाण्याच्या तोंडी बसवले. आयर्लंडमध्ये एखादी चाल ज्याच्याकडून आली त्या वादकाचे नावच पुष्कळदा त्या चालीला चिकटते. नकळत प्यारेलाल यांनीही हेच केले.

या वंदनाला एक कडवट किनार आहे. नाव घरोघर गेले, पण माणूस पात्रामागे आणखी झाकला गेला. कोणी ‘मी अँथनी गोन्साल्विस’ असे खरेच म्हटले असते, तर ऐकणारा आधी हसला असता. २०१० मध्ये गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्यांचा गौरव झाला. समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला. १८ जानेवारी २०१२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, गोव्यात त्यांचे निधन झाले. देशाला नाव पाठ झाल्यावर माणूस सापडायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

प्रश्न एका गोन्साल्विसपुरता राहत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांत गायकवृंद चालवणारे, लग्नाच्या बँडमध्ये उभे राहणारे, दिवसा स्टुडिओत आणि रविवारी मिस्सेला वाजवणारे कितीतरी हात होऊन गेले. त्यांच्या लिहिलेल्या कागदांच्या वळकट्या घरांच्या पेट्यांत असतात. त्यांवर चालीचे नाव असते, लिहिणाऱ्याची सही क्वचितच. वसईच्या घंटांवर त्या ओतल्या तेव्हाची सालेही कोरलेली आहेत, म्हणून पावणेतीनशे वर्षांनंतर त्या कुठून आल्या याची चर्चा आपण करू शकतो. कागदाला तेवढे आयुष्य नसते. ज्या घरी अशी पेटी आहे तिथे म्हाताऱ्या माणसाजवळ बसून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात वाजवणाऱ्याचे नाव आणि साल लिहून घेणे, एवढे काम आजही करता येण्यासारखे आहे.