कल्हई ते पॅसिव्हेशन : ठाणे-डोंबिवली परिसराच्या संदर्भात धातूच्या पृष्ठसंस्काराचा इतिहास

प्रस्तावना :
धातूंचा इतिहास बहुधा खाणी व भट्ट्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पृष्ठभागाची निगा राखणाऱ्या श्रमांची नोंद त्यात क्वचितच आढळते. हे श्रम घराच्या दारातून कारखान्यात कसे गेले, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

कल्हईचा काळ :
तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो. त्यावर उपाय म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून कथलाचा लेप दिला जाई. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने हे काम भात्याच्या लहान भट्टीवर होई. लेप झिजला की कल्हईवाला पुन्हा येई. निगा, तिचा मोबदला आणि तिचा धूर हे सारे दारातच दिसत असे.

स्टेनलेस स्टीलचे आगमन :
१९१३ मध्ये शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियमयुक्त गंजरोधक पोलाद तयार केले. आज अशा पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. प्राणवायूच्या संपर्काने त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा संरक्षक थर आपोआप तयार होतो. ठाणे जिल्ह्यात भाईंदर हे स्टीलच्या भांड्यांच्या निर्मितीचे मोठे केंद्र बनले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीमुळे वागळे इस्टेट व पुढे डोंबिवली येथे उद्योग वाढले. रसायन उद्योगातील टाक्या व नळांसाठीही हेच पोलाद सोयीचे ठरते.

'आपोआप' या शब्दामागील श्रम :
तथापि, वेल्डिंगच्या सांध्यालगत पृष्ठभागावरील क्रोमियम घटते. साध्या लोखंडाचे कण चिकटले तर गंजाचे डाग उमटतात. क्लोराइडमुळे सूक्ष्म खड्डे पडतात. म्हणून नायट्रिक व हायड्रोफ्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने सदोष थर काढतात. यास 'पिकलिंग' म्हणतात. त्यानंतर नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाने लोखंडाचे कण काढून संरक्षक थर दृढ करणे, हे 'पॅसिव्हेशन' होय. हायड्रोफ्लोरिक आम्ल त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करते. धुवणाच्या पाण्यात क्रोमियम, निकेल व फ्लोराइड उतरतात. उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेल्या या परिसरात असे सांडपाणी गौण मानता येत नाही.

निष्कर्ष :
स्टेनलेस स्टीलने निगेची गरज संपवली नाही. तिची जागा बदलली. गृहिणीला सुटका मिळाली, जोखीम मात्र आम्लाच्या टाकीजवळील कामगाराकडे आणि नदीकडे गेली. पॅसिव्हेशनसाठी सायट्रिक आम्लाचा सुरक्षित पर्याय आहे, पण तो पिकलिंगची जागा घेऊ शकत नाही. म्हणून कल्हईवाल्यांप्रमाणेच या कामगारांच्या मौखिक नोंदी जमवणे, हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.