‘राइट’ : एका शब्दाची चीनमधील वाटचाल

इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला ‘राइट’ हा शब्द लवकर भेटतो आणि पुढे बराच काळ छळतो. उजवीकडे वळायचे तर त्याच्या भाषेत ‘योऊ’, उत्तर बरोबर असेल तर ‘दुई’, आणि हक्क सांगायचा तर ‘च्युआनली’. इंग्रजीत एका छपराखाली नांदणारे हे अर्थ चिनीत तीन वेगळ्या घरांत राहतात. यांपैकी पहिली दोन घरे जुनी आहेत. तिसरे मात्र एकोणिसाव्या शतकात, निकडीपोटी उभारले गेले.

दोन अफू-युद्धांत पराभूत झालेल्या चिंग दरबाराला पाश्चात्त्यांशी त्यांच्याच कायद्याच्या परिभाषेत बोलणे भाग पडले होते. विल्यम मार्टिन या अमेरिकी मिशनऱ्याने हेन्री व्हीटन यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर केले आणि ते १८६४ मध्ये बीजिंगमध्ये छापले गेले. त्यात ‘राइट’साठी ‘च्युआनली’ हा शब्द योजला होता. ‘च्युआन’ म्हणजे मुळात तराजूचे वजन आणि त्यावरून सत्ता. ‘ली’ म्हणजे लाभ. प्राचीन तत्त्वज्ञ श्वुन्झी यांच्या ग्रंथात हे जोडपे येते ते सज्जनाला न डळमळवणारा सत्ता-संपत्तीचा मोह म्हणून. असा शब्द न्याय्य मागणीचे नाव झाला! हे शब्द प्रथमदर्शनी खटकतील, पण नाइलाजाने वापरले आहेत, असा खुलासा मार्टिन यांना १८७८ च्या दुसऱ्या एका भाषांतरात करावा लागला.

हा खटका सर्वांत तीव्रतेने जाणवला तो भाषांतरकार यान फू यांना. १९०२ मध्ये ल्यांग छीछाओ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ‘च्युआनली’ऐवजी ‘झ्र’, म्हणजे ‘सरळ’, हा शब्द सुचवला. इंग्रजीतही काटकोनाला ‘राइट अँगल’ म्हणतात. सरळ ते योग्य आणि योग्य ते हक्काचे, ही साखळी त्यांना चिनीत जुळवायची होती. परंतु प्रचलित शब्द हटला नाही. १९०३ मध्ये मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचे भाषांतर करताना खुद्द यान फूंनीही शीर्षकात ‘च्युआन’च वापरला.

आम्हांस हा केवळ कोशाचा प्रश्न वाटत नाही. मराठीने स्वीकारलेल्या ‘हक्क’ या शब्दाच्या अरबी मुळात सत्याचा अर्थ आहे. ‘अधिकार’ उच्चारताच मात्र आपल्याला अधिकारी आठवतो. चिनीत तर हक्क आणि सत्ता या अर्थांचे दोन्ही शब्द ‘च्युआनली’ असेच उच्चारले जातात. फरक केवळ शेवटच्या अक्षरचिन्हात, म्हणजे कागदावर दिसतो. नागरिक ज्याच्या बळावर सत्तेला अडवतो, त्या शब्दाचा नाद सत्तेच्याच नावासारखा असावा, ही त्या भाषांतराने मागे ठेवलेली अडचण आहे. ‘राइट’चे अर्थ शिकवताना शिक्षकाने यादीसोबत हा इतिहासही सांगावा. नाहीतर विद्यार्थ्याला तीन शब्द पाठ होतात, पण इंग्रजीने ते एका शब्दात का बांधले, हे कळत नाही.