माळीणचा डोंगर आणि मातीतले पाणी

३० जुलै २०१४ ची सकाळ. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीणला नेहमीची एस.टी. पोहोचली, तेव्हा चालकाला गावच दिसेना. घरांच्या जागी चिखलाचा ढिगारा होता. त्याखाली दीडशेच्या आसपास माणसे गेली.

मराठवाड्यातील वाचकाला हे दूरचे वाटेल. तथापि लातूरचे काळे रान आणि सह्याद्रीचा कडा एकाच अग्निजन्य बेसाल्टातून घडले आहेत. (नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे मात्र ग्रॅनाइट लागतो.) लातूरकडे उन्हाळ्यात माती भेगाळते, पहिला पाऊस भेगांतून खोल उतरतो, मग माती फुगून भेगा मिटतात आणि पाणी वरच थबकते. रान सपाट असल्याने गाव जागेवर राहते. सह्याद्रीत तीच झिजलेली माती नि मुरूम तीव्र उतारावर, कठीण खडकाच्या पाठीवर टेकलेला असतो.

तो टिकतो कशाने? याचे पहिले गणिती उत्तर फ्रेंच लष्करी अभियंता कुलोम याने १७७३ साली पॅरिसच्या अकादमीपुढे मांडले. त्याच वर्षी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मातीचे बळ दोन गोष्टींत, असे तो म्हणाला: कणांचा परस्पर चिकटपणा आणि त्यांच्यातील घर्षण. पाण्याचे कोडे मात्र १९२५ पर्यंत उलगडले नाही. त्या वर्षी टर्झागीने दाखवले की कणांमधील पाणी दाबाखाली आले की वरच्या भाराचा काही वाटा तेच पेलते. कण एकमेकांवर कमी दाबले जातात आणि घर्षण घटते. पाणी मातीला ‘वंगण’ लावते ही लोकप्रिय समजूत म्हणूनच अपुरी आहे.

ओलसर मातीत याच्या उलट घडते. कणांमधील थोडेसे पाणी त्यांना ओढून धरते; वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच उभा राहतो, तो यामुळे. पाऊस मुरत गेला की ही ओढ नाहीशी होते, मातीचे वजन वाढते आणि खडकालगत दाब साचतो. अर्धओल्या मातीतून पाणी कसे सरकते याचे समीकरण रिचर्ड्सने १९३१ मध्ये दिले. ते उताराच्या स्थैर्याशी जोडून आयव्हर्सनने २००० साली दाखवले की आधीचा दीर्घ पाऊस उताराला तयार करतो, आणि उथळ दरड कधी सुटेल हे बहुधा अखेरच्या जोरदार सरी ठरवतात.

माळीणनंतर डोंगरावरील सपाटीकरणाकडे बोट दाखविले गेले. सपाट पट्टीत पाणी वाहून न जाता मुरते, हे खरेच. पण गणिताला प्रत्येक उतारावरील मातीची खोली लागते, आणि ती वाडीगणिक बदलते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गाडले गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी गेली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नाव नव्हते.