नाव पुसलेला नाटककार

मावळात उर्से-तळेगावच्या बाजूला शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की कोणते नाटक बसवावे, असा प्रश्न पडतो. इंग्रजी नाटक हवे असल्यास ऑस्कर वाइल्ड यांचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ विचारात घेण्याजोगे आहे. वाइल्ड मराठीला परके नाहीत. त्यांच्या ‘ॲन आयडियल हजबंड’वरून वि. वा. शिरवाडकरांनी १९४६ साली ‘दूरचे दिवे’ हे नाटक लिहिले.

‘अर्नेस्ट’चा पहिला प्रयोग १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात झाला. अर्नेस्ट हे विशेषनाम; उच्चाराने त्याचा अर्थ ‘मनाचा सच्चा’ असाही होतो. प्रेयसींना हेच नाव प्रिय, म्हणून दोन तरुण ते खोटेच सांगतात आणि खरे करण्यासाठी पाळकाकडे बाप्तिस्मा मागतात! प्रेक्षक पोट धरून हसले.

पुढचे हसण्याजोगे नव्हते. समलिंगी संबंधांच्या आरोपावरून एप्रिलमध्ये वाइल्ड यांना अटक झाली आणि मे महिन्यात दोन वर्षांची सक्तमजुरी. अटकेनंतरही नाटक काही आठवडे चालले. जाहिरातींवरून लेखकाचे नाव मात्र काढले गेले. लोकांना विनोद हवा होता, माणूस नको होता.

२९ नोव्हेंबर १९०० रोजी, पॅरिसच्या एका हॉटेलात, मरणशय्येवरील वाइल्ड यांना फादर कथबर्ट डन यांनी सशर्त बाप्तिस्मा देऊन ख्रिस्तसभेत घेतले. दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. ज्या संस्काराची त्यांनी रंगमंचावर गंमत केली, तोच अखेरीस त्यांच्या उशाशी आला.

मुलांनी हे नाटक जरूर करावे. निमंत्रणपत्रिकेवर लेखकाचे नाव मात्र ठळक छापावे.