क्रीडांगणातील प्रेक्षकनियमन

तिकिटे, प्रवेशद्वारे व आसनव्यवस्था यांद्वारे क्रीडासामन्यातील प्रेक्षकांची संख्या आणि हालचाल सुरक्षित मर्यादेत ठेवण्याची पद्धती (पहा : क्रीडागार; फुटबॉल). तिचे आजचे स्वरूप मुख्यतः ब्रिटनमधील दुर्घटनांतून घडले. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ मध्ये जिन्यावर चेंगरून ६६ जण दगावले. त्यानंतर १९७५ चा क्रीडांगण सुरक्षा कायदा झाला. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी बाहेरची दाटी कमी करण्यासाठी पोलिसांनी निर्गमनद्वार उघडले. आत आलेला लोंढा आधीच भरलेल्या, कुंपणबंद मधल्या कप्प्यांत शिरला. मृतांची संख्या पुढे ९७ झाली. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे २०१६ मध्ये ज्यूरीच्या निर्णयाने स्पष्ट झाले. या निर्णयास २७ वर्षे लागली. हिल्सबरो दुर्घटनेच्या चौकशीवरील टेलर अहवालानुसार (१९९०) इंग्लंडच्या फुटबॉलमधील वरच्या दोन श्रेणींतील मैदाने पूर्णतः आसनयुक्त झाली. २०२२ पासून कठडेयुक्त आसनांजवळ उभे राहण्यास परवाना मिळू लागला.

क्षमता केवळ जागेवरून ठरत नाही. प्रवेशाचा वेग, निर्गमनाचा वेग, आपत्कालीन निर्गमन आणि उपलब्ध जागा यांपैकी सर्वांत कमी आकडा ग्राह्य धरतात. ब्रिटनच्या क्रीडांगण-सुरक्षा मार्गदर्शिकेत एका फिरत्या फाटकातून तासाला कमाल ६६० प्रेक्षक गृहीत धरले आहेत. तिकिटावर फाटक, विभाग, रांग व आसन नोंदवल्याने गर्दी मैदानाबाहेरच विभागली जाते. प्रतिस्पर्धी समर्थकांना स्वतंत्र विभाग देतात. भारतात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर १९८० मध्ये मोहन बागान–ईस्ट बेंगॉल फुटबॉल सामन्यात १६ प्रेक्षक मृत्यू पावले (पहा : ईडन गार्डन्स).